एथिक्स कमिटीतला बाहेरचा माणूस काय विचारणार? (भरतीवाल्यांचे गुडघे आणि शाळकरी मुलांचे डोळे)

पांझराकाठ | सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर मला घेतलं. पद काय, तर 'सामान्य व्यक्ती'. डॉक्टर नाही, वकील नाही, कॉलेजचा पगारी नाही, असा एक माणूस तिथं लागतोच. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे आकडेमोड घाबरवत नाही. बाकी सगळं नवीन.

काम असं की पी.जी. करणारी मुलंमुली थिसिसचे प्रस्ताव घेऊन येतात आणि ज्यांच्यावर अभ्यास होणार त्यांना इजा-अन्याय होणार नाही ना, ते आम्ही बघायचं. बहुतेक प्रस्ताव साधे असतात. उन्हातान्हात कपाशी वेचणाऱ्या बायांच्या डोळ्यावर मांस वाढतं, ते काढल्यावर कलम टाक्यांनी बसवायचं की पेशंटच्याच रक्तानं चिकटवायचं, अशा धर्तीचे. दोन्ही पद्धती चालूच आहेत, कोणती बरी ते मोजायचं. त्यात मला बोलण्यासारखं फार नसतं.

पण दोन गोष्टी टोचताहेत. तपशील बदलून, 'समजा' म्हणून लिहितो.

समजा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. गुडघा दुखतो. निम्म्यांना पीआरपीचं इंजेक्शन (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग), निम्म्यांना नुसतं सलाइनचं. कोणाला काय दिलं ते पोरांना कळणार नाही. पोरं मिळणार कुठून, तर एका अकॅडमीच्या ग्राउंडवरून.

समजा, आश्रमशाळेतली मुलं. चष्म्याचा लांबचा नंबर वाढू नये म्हणून काहींच्या डोळ्यांत रोज रात्री अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब, काहींच्या डोळ्यांत साधे थेंब. मुदत एक वर्ष.

कागदपत्रं दोन्हींची चोख. संमतीपत्र मराठीत, अंगठ्याची जागा, साक्षीदाराची जागा. मी काही बोलायला गेलो की विचारतात, "सर, तुमचा नेमका आक्षेप काय?" आणि तो नेमका मला मांडता येत नाही. जाणकारांनी हात द्यावा.

काळा_कोट | सोमवार, रात्री १०.१५

सर, आधी एक. गोपनीयतेच्या कागदावर तुम्ही सही केली असणार. 'समजा' लिहिलंत ते बरं केलंत, त्याच्या पुढे जाऊ नका. कॉलेज कोणतं, गाइड कोण, हे इथं कुणी विचारूही नये.

आता तुमचं वजन सांगतो, कारण बाहेरच्या सदस्यांना ते माहीत नसतं. नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियम २०१९ प्रमाणे कमिटीत किमान सात जण. अध्यक्ष संस्थेबाहेरचा. निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले. एक तरी महिला, एक कायद्याचा माणूस, एक सामान्य व्यक्ती. आणि ट्रायलच्या बैठकीत ती सामान्य व्यक्ती नसेल तर कोरमच होत नाही. म्हणजे तुम्ही खुर्ची भरायला नाही आहात.

थिसिस बहुधा 'ट्रायल' या व्याख्येत बसत नाही, तो वैद्यकीय व आरोग्य संशोधन या प्रकारात जातो. तिथं आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागतात. त्यात विद्यार्थी, हाताखालची माणसं, आदिवासी समाज, लहान मुलं यांच्यासाठी जास्तीचं संरक्षण सांगितलंय. तुमच्या दोन 'समजा'त यातले जवळजवळ सगळे आले.

रावेरची_केळी | सोमवार, रात्री १०.२२

वाचतेय. डोळ्यांच्या थेंबांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा, माझ्या पुतणीला तेच चालू आहेत.

फिजिओ_भुसावळ | मंगळवार, सकाळी ७.०५

गुडघ्याबद्दल मी बोलते, रोजचं काम आहे.

सलाइनच्या इंजेक्शनला नाक मुरडू नका सर. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेवर रिस्टोर नावाचा अभ्यास झाला, २८८ माणसं, २०२१ मध्ये छापून आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइन. वर्षानंतर दुखण्यातही फारसा फरक नाही, कूर्चेतही नाही. सलाइनची बाजू नसती तर हे कळलंच नसतं. आणि पीआरपीच्या एकेका सुईला लोक हजारो रुपये मोजत आहेत.

त्याहून मोठा किस्सा ह्यूस्टनचा. २००२ मध्ये मोझली नावाच्या सर्जननं गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची परीक्षा घेतली. १८० जण. काहींना खरं ऑपरेशन, काहींना नुसते चिरे देऊन टाके. दोन वर्षांनी दोघांचं दुखणं सारखंच. आता कोणी म्हणेल, खोटं ऑपरेशन म्हणजे फसवणूक. पण त्यांनी काय केलं होतं बघा. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं केसपेपरवर लिहायला लावलं होतं, की मला नुसतं दिखाऊ ऑपरेशन मिळू शकतं आणि त्यानं माझ्या गुडघ्याला फायदा होणार नाही, हे मला माहीत आहे. आणि विचारलेल्या ३२४ पैकी १४४ जणांनी सरळ नाही म्हटलं. शेकडा ४४!

मला या अभ्यासात सगळ्यात आवडतो तो हाच आकडा. लोकांना खरंच समजलं होतं आणि नाही म्हणायची मोकळीक होती, याचा तो पुरावा आहे. तुमच्या 'समजा'तल्या ग्राउंडवर शंभर पोरांना विचारलं तर किती नाही म्हणतील?

शिवाय हे दोन्ही अभ्यास वयस्कांच्या झिजेचे. विशीतल्या पोराचा गुडघा दुखतो तो बहुधा वाटीखालच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) अचानक भार वाढवल्यामुळे. पहिला उपाय पळणं कमी करणं आणि हळूहळू ताकद वाढवणं. प्रस्तावात ते कुठंय? सुई घेतली की पोरगं दुसऱ्या दिवशी पहाटे पळणार. दुखणं थोडं दबलं तर आणखी जोरात पळणार. मला विचाराल तर सुईपेक्षा ही धास्ती मोठी.

मैदान_मास्तर | मंगळवार, दुपारी १.३०

मी अकॅडमी चालवतो, त्यामुळे बोलणं भाग आहे. इथं असं चित्र उभं राहतंय की कोच म्हणजे पोरांना धरून सुया टोचून घेणारा.

वस्तुस्थिती ऐका. ग्राउंडला (मैदानी चाचणीला) ५० मार्क. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. दोन सेकंदांनी पोरगं बाहेर जातं. मे महिन्यात पहाटे साडेचारला सुरू करतो, कारण आठनंतर आपल्याकडं माणूस उभा राहत नाही. पोरं डायक्लोफेनॅकची (दुखणं दाबणारी) सुई घेऊन ग्राउंडला जातात, कुणाला न विचारता, मेडिकलवाल्याकडून. मी ओरडतो, ते ऐकत नाहीत. आता कोणी डॉक्टर येऊन रीतसर तपासणार असेल, फुकट एमआरआय करणार असेल, तर मी पोरांना 'जा' म्हणेन. यात गैर काय? नाहीतर आमच्या पोरांच्या गुडघ्यावर अभ्यास करायला मेलबर्नहून कोण येणार आहे?

फिजिओ_भुसावळ | मंगळवार, दुपारी १.४८

मास्तर, गैर काही नाही. फक्त तुमचं 'जा' आणि डॉक्टरचं 'येता का' यात फरक आहे. आणि फुकट एमआरआय हे आमिष होतं का, हेही कमिटीनं बघायचं असतं.

१६००_मीटर | मंगळवार, रात्री ११.१०

मी दोन वर्ष झाले तयारी करतोय. लेखीला चांगले मार्क येतात, ग्राउंडला अडकतो.

तुम्ही सगळे मोठे लोक बोलताय म्हणून लिहितो. सरांनी लाइन लावून सांगितलं की हे डॉक्टर आहेत, सह्या करा, तर नही कोन म्हनी? सर काही वाईट करणार नाहीत हे माहीत असतं. पण सरांचं मन मोडलं तर पुढच्या बॅचला टायमिंग काढताना आपल्याकडं लक्ष देतील का, हे डोक्यात येतंच. आमले कोन इचारस, आम्ही सह्या करतो.

आणि सलाइन मिळू शकतं हे कळलं तरी पोरं म्हणतील, आपल्याला खरंच मिळेल. भरतीत पण सगळ्यांना असंच वाटतं की आपलं होईल.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ११.३०

बेटा, मिटिंगमध्ये मला जे मांडता येत नव्हतं ते तू चार ओळींत लिहिलंस.

नेत्ररेषा | बुधवार, सकाळी ६.५०

डोळ्यांचं मी घेते. पी.जी. धुळ्याकडंच झालं, आता जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस. लांबेल, चहा घेऊन बसा.

अ‍ॅट्रोपिन आणि लांबचा नंबर हे खूळ नाही. सिंगापूरच्या पहिल्या अभ्यासात (अ‍ॅटम, २००६) ४०० मुलं होती. निम्म्यांना १ टक्क्याचं औषध, निम्म्यांना साधे थेंब, आणि तेही प्रत्येकाच्या एकाच डोळ्यात, दुसरा डोळा तसाच. औषधाच्या डोळ्यात नंबर वाढायचा जवळजवळ थांबला, पण बाहुली मोठी राहते, उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर. म्हणून पुढच्या अभ्यासात ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के असे सौम्य डोस घेतले, आणि तिथं नुसत्या पाण्याचा (म्हणजे साध्या थेंबांचा) गट ठेवलाच नाही. हाँगकाँगच्या लँप अभ्यासात ४३८ मुलं. पाण्याचा गट होता, पण वर्षभरात औषध काम करतंय असं दिसल्यावर दुसऱ्या वर्षी त्या मुलांनाही ०.०५ टक्के सुरू केलं.

मग आता पाण्याचे थेंब देणं अनैतिक का? इथं मी संशोधकाच्या बाजूनं बोलते. ०.०१ टक्क्याबद्दल उत्तरं एकसारखी नाहीत. भारतातल्या अभ्यासात (२०२१) नंबरात फरक दिसला, अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासात पाण्याच्या तुलनेत काही फरक दिसला नाही. खरंच शंका असेल तेव्हाच तुलना करायची मुभा असते, आणि या डोसबद्दल शंका आहे. तेव्हा सर, 'साधे थेंब का' यावर भांडू नका, हराल.

भांडायचं ते दोन ठिकाणी.

पहिलं, वर्ष संपल्यावर काय? अ‍ॅट्रोपिन अचानक बंद केलं की नंबर उसळी मारतो. डोस जास्त असेल तर उसळी जास्त, हे त्याच सिंगापूरच्या पुढच्या अभ्यासात दिसलं. थिसिस जमा झाला, विद्यार्थी पास होऊन गेला, बाटली कोण देणार? हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात (माणसांवरच्या संशोधनाची जागतिक तत्त्वं) अभ्यासानंतरची सोय आधीच ठरवा असं म्हटलंय. आपल्याकडच्या प्रस्तावात त्या जागी बहुतेक वेळा 'लागू नाही' लिहिलेलं असतं.

दुसरं, आश्रमशाळाच का? लांबचा नंबर हा शहरी मुलांत जास्त. जळगावच्या कुठल्याही इंग्लिश मीडियम शाळेत वर्गाला चष्मे मोजा. नंबर जिथं कमी तिथं जाऊन अभ्यास करायचं एकच कारण दिसतं: मुलं एका जागी राहतात, रोज रात्री रांगेत उभी करता येतात, फॉलोअपला कोणी गळत नाही. सोय संशोधकाची, थेंब आदिवासी पोराच्या डोळ्यात. हा प्रश्न लेखी विचारा, त्याला उत्तर द्यावंच लागेल.

एक जुनी गोष्टही सांगते. १९७१ मध्ये अमेरिकेत मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडतो त्यावर लेझरचा अभ्यास सुरू झाला. १७०० वर पेशंट, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसरा सोडलेला. १९७६ मध्ये आकडे बघून कळलं की लेझरनं गंभीर अंधत्व निम्म्याहून कमी होतंय. त्यांनी अभ्यास ठरलेल्या मुदतीपर्यंत तसाच ओढला नाही. नियम बदलला आणि दुसऱ्या डोळ्यालाही उपचार खुले केले. तुमच्या प्रस्तावात मधेच आकडे बघणारं कोणी आहे का?

आणि उलटी बाजू. १९५० च्या आसपास अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायचे. त्यानं पडदा खराब होतो अशी शंका आली, वॉशिंग्टनच्या एका हॉस्पिटलात तुलना सुरू झाली. रात्रपाळीच्या नर्स कमी ऑक्सिजनच्या बाळांचा ऑक्सिजन हळूच वाढवायच्या. बाळांवर अन्याय होतोय असं त्यांना मनापासून वाटायचं. पुढं अठरा हॉस्पिटलांनी मिळून अभ्यास केला आणि जास्तीचा ऑक्सिजनच आंधळं करतोय हे सिद्ध झालं. तोवर जगभरात दहा हजारांच्या घरात मुलं आंधळी झाली होती. म्हणून माया आहे म्हणून अभ्यासच नको, असं मी कधी म्हणत नाही.

सातपुड्याचा | बुधवार, दुपारी ३.००

नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. ताईंनी सोयीवर बरोबर बोट ठेवलं.

संमतीचं सांगतो. दिवाळीनंतर आमच्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला, गुजरातकडं मजुरीला. सही आणायची कुणाची? मग अधीक्षकाची घेतात. अधीक्षक म्हणजे मुलांचा पालक, असं सोयीनं धरलं जातं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा वसतिगृहाच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी पालकांच्या जागी सह्या केल्याचं चौकशीत निघालं. काही मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीनं सांगितलं, पण २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं संमतीच्या बाबतीत कडक ताशेरे ओढले. लस चांगली असणं आणि विचारून देणं या दोन वेगळ्या गोष्टी.

भाषेचंही बघा. संमतीपत्र मराठीत आहे म्हणता. घरी भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या आईला ते कुणी वाचून दाखवायचं?

काळा_कोट | बुधवार, दुपारी ३.२०

बरोबर. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेत पाय ठेवायची परवानगी. मुलाच्या डोळ्याची नाही. आईवडिलांची संमती वेगळी, आणि मुलाची स्वतःचीही. आयसीएमआरप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी, त्यापुढं १८ पर्यंत लेखी. मूल नाही म्हणालं तर नाही.

धनुष्य | बुधवार, रात्री ८.४५

थोडं अवांतर, पण डोळा आणि खेळ दोन्ही आहे म्हणून लिहितो. काचबिंदूला टिमोलॉलचे थेंब नेहमी देतात. ते बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची धडधड मंदावणारं औषध. नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा-ब्लॉकरला बंदी आहे, कारण हात स्थिर राहतो, आणि डोळ्यातले थेंबही त्यात येतात. डोळ्याचा दाब उतरवणारी अ‍ॅसिटॅझोलामाइडची गोळी तर सगळ्याच खेळांत बंद. खेळाडूनं डोळ्यांच्या डॉक्टरला 'मी स्पर्धा खेळतो' हे सांगायचं असतं आणि डॉक्टरनं ते विचारायचं असतं. दोघंही विसरतात, मग डोपिंगचा शिक्का पोरावर. औषध लागतच असेल तर आधी रीतसर सूट मागता येते.

फिजिओ_भुसावळ | बुधवार, रात्री ९.०२

छान आठवण. तसंच स्टेरॉइडच्या सुयांचं. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडची कुठलीही सुई, सांध्यातली धरून, बंद आहे. आणि तीच सुई कधीकधी डोळ्याच्या पडद्यामागं पाणी साठवते. पोरगं गुडघ्याला येतं आणि महिन्यानं सांगतं की मधोमध डाग दिसतोय. पीआरपीला मात्र बंदी नाही.

नेत्ररेषा | बुधवार, रात्री ९.१५

हो, असे पेशंट येतात आणि 'कुठलं इंजेक्शन घेतलंस' म्हटलं की आधी नाहीच म्हणतात.

मास्तरांसाठी एक. नंबर येऊ नये म्हणून सगळ्यात निर्धोक अभ्यास चीनमधल्या ग्वांगझूचा. बारा शाळा, सहा शाळांत रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर. तीन वर्षांत नव्यानं नंबर लागलेली मुलं तिथं ३० टक्के, बाकीच्या शाळांत जवळजवळ ४०. औषध नाही, सुई नाही. आपल्याकडं हा अभ्यास करायचा तर आधी पी.टी.चा तास गणिताच्या मास्तरांकडून सोडवून आणावा लागेल. (पांझराकाठ सर, माफी!)

पांझराकाठ | बुधवार, रात्री १०.३०

माफी कसली, मीही घेतलेत ते तास.

सगळ्यांचं वाचून मला एवढं उमगलं की माझा आक्षेप सुईला नाही, थेंबाला नाही. 'नाही' म्हणणाऱ्याला काय किंमत पडते, ते प्रस्तावात कुठंच लिहिलेलं नाही. ह्यूस्टनच्या पेशंटला नाही म्हणून घरी जाता आलं. ग्राउंडवरचा पोरगा दुसऱ्या दिवशी त्याच ग्राउंडवर उभा, आश्रमशाळेतलं पोरगं त्याच रांगेत.

म्हणून पुढच्या बैठकीत मी हे धरणार: विचारणारा माणूस कोच नसावा, अधीक्षक नसावा. विचारताना ते हजरही नसावेत. कागद आज द्यायचा आणि सही दोन दिवसांनी घ्यायची. तपासणी नाही म्हणणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, एमआरआयसुद्धा. गुडघ्याच्या अभ्यासात विश्रांतीचे आठवडे लिहून द्या, आणि भरतीचं ग्राउंड तोंडावर असेल तर त्या पोराला घेऊच नका. थेंबांच्या बाबतीत, आश्रमशाळा का आणि वर्षानंतर बाटली कोण देणार. ही दोन उत्तरं समाधानकारक नसतील तर मी माझी असहमती इतिवृत्तात नोंदवायला सांगेन.

मैदान_मास्तर | बुधवार, रात्री ११.०५

सर, पोराचं वरचं वाचलं. माझ्याच अकॅडमीचा असेल नसेल, पण वाचून बसलो जरा.

माझ्याकडं कोणी असा अभ्यास घेऊन आलं तर मी तासभर चहाला निघून जाईन, अडचण नाही. उलट माझी अट राहील की कोण हो म्हणालं आणि कोण नाही, ही यादी मला दाखवायची नाही. माहीत झालं की माणूस म्हणून मनात राहतंच.

काळा_कोट | बुधवार, रात्री ११.१२

ही अट प्रस्तावात लेखी घ्या सर. 'सहभागाची माहिती प्रशिक्षकास दिली जाणार नाही.' एक ओळ पुरे.

१६००_मीटर | बुधवार, रात्री ११.२०

पन सुई घेतली की गुडघ्यावर पट्टी राहते. सकाळी हाफ पँटीत पळतो आम्ही सगळे. दिखीच ना भो!

पांझराकाठ | बुधवार, रात्री ११.२६

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. म्हणजे तपासणी आणि सुई ग्राउंडच्या सुट्टीच्या दिवसांत, आणि पळायला पट्टी निघाल्यावरच यायचं, असं काहीतरी. फिजिओ ताई, सुईनंतर पट्टी किती दिवस ठेवतात?

फिजिओ_भुसावळ | गुरुवार, सकाळी ६.४०

पट्टी दुसऱ्या दिवशी काढता येते सर, पण पळणं त्याहून जास्त दिवस बंद ठेवावं लागेल. आणि अकॅडमीत चार-पाच दिवस गैरहजर राहिलेला पोरगा कोण, ते मास्तरांना विचारायची गरजच पडणार नाही. विश्रांतीचे दिवस सगळ्या बॅचला एकदम द्यायला मास्तर तयार आहेत का, ते आधी विचारा.